पुरुषांचे मौन : एक चाचणी आणि एक गोळी



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, ते भाषेचे शिक्षक होते. तेव्हा मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाला येथे पाचारण करणे हे रीतीला धरूनच झाले. विषय मात्र रीतीला सोडून आहे. 'विषय आपणच निवडावा' असे संयोजकांनी कळविले, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा संतवाङ्मय असावे, गोमंतकीय मराठीची परंपरा असावी, फार तर दशावतार असावा. मी विषय सांगितला आणि दूरध्वनीवर काही क्षण कोणीच बोलेना. नंतर त्यांनी संमती दिली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. जुने विद्यार्थी सांगतात, की गावात देवीची लस टोचणारे आले आणि माणसे परसात लपू लागली, की गुरुजी चव्हाट्यावर उभे राहून आधी स्वतःचा दंड पुढे करीत. असा शिक्षक जेथे होऊन गेला, त्या शाळेच्या व्यासपीठावर एच.आय.व्ही.ची चाचणी आणि तो संसर्ग टाळणारे औषध यांविषयी बोलताना संकोच वाटण्याचे मला कारण दिसत नाही.

मी वैद्य नव्हे. वैद्यकातले जे सांगेन ते जाणकारांकडून समजून घेतलेले आहे. परंतु या प्रश्नातली निम्मी अडचण वैद्यकाची नसून भाषेची आहे, असे माझे मत झाले आहे. आणि भाषेबद्दल बोलण्याचा माझा अधिकार आपण मान्य कराल.

लैंगिक संबंधातून जडणाऱ्या व्याधींना आपण मराठीत काय म्हणतो? 'गुप्तरोग'. क्षयाला क्षय म्हणतो, कारण शरीर झिजते.  येथे मात्र रोगाचे नाव लक्षणावरून पडलेले नाही, रोग्याच्या वागण्यावरून पडलेले आहे. तो लपवायचा, एवढेच ते नाव सांगते. त्याहून जुना एक शब्द आहे. सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाश' या वैद्यकग्रंथात उपदंशासारख्या एका नव्या व्याधीचे वर्णन 'फिरंगरोग' या नावाने येते. फिरंगी म्हणजे पोर्तुगीज. हा रोग त्यांच्या संगतीने आला, असे ग्रंथकाराला सुचवायचे आहे. गंमत अशी, की त्याच शतकात, १५६३ साली, गोव्यातच छापल्या गेलेल्या गार्सिया द ऑर्ता यांच्या औषधी वनस्पतींवरील ग्रंथात याच व्याधीवर चालणाऱ्या चोपचिनीची चर्चा आहे. चोपचिनी हे नावच सांगते, की ती चीनकडून आली. रोग परक्याचा आणि औषधही परक्याचे! स्वतःच्या घरात काय चालले आहे, हे पाहायचे नसले म्हणजे माणूस नेहमी सीमेपलीकडे बोट दाखवितो. चारशे वर्षांनंतर एड्स आला, तेव्हाही आपण समुद्रकिनाऱ्यावरच्या पर्यटकाकडे, खाणीवरच्या परप्रांतीय कामगाराकडे, ट्रकचालकाकडे आणि बायणेतल्या स्त्रियांकडे बोट दाखविले. बायणेची वस्ती २००४ साली जमीनदोस्त झाली. विषाणूचे घर मात्र तेथे नव्हतेच, ते माणसाच्या रक्तात होते आणि तो माणूस आपल्या घरी गेला होता.

आता ज्या दोन वस्तूंबद्दल बोलायचे, त्या समजून घेऊ. पहिली वस्तू म्हणजे घरच्या घरी, आपली आपण करता येणारी एच.आय.व्ही.ची चाचणी. तिचे दोन प्रकार आहेत. एकात बोटाच्या टोकातून रक्ताचा थेंब घेतात. दुसऱ्यात हिरड्यांवरून एक चपटी काडी फिरवून ती द्रावात उभी ठेवतात आणि वीस मिनिटे थांबतात. एक रेघ उमटली तर संसर्गाची खूण नाही, दोन उमटल्या तर पुढची तपासणी हवी. ही दुसऱ्या प्रकारची चाचणी अमेरिकेत २०१२ साली दुकानात विकण्यास परवानगी मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली स्व-चाचणीची शिफारस केली. दुसरी वस्तू म्हणजे एक गोळी. टेनोफोव्हिर आणि एम्ट्रिसिटाबिन ही दोन औषधे तिच्यात एकत्र असतात. ज्याला संसर्ग झालेला नाही पण होण्याचा संभव आहे, त्याने ती घ्यायची. तिला 'प्रेप' म्हणतात. मराठीत 'संसर्गपूर्व प्रतिबंधक औषध' असा बोजड शब्दप्रयोग करावा लागतो. तिलाही अमेरिकेत मान्यता मिळाली ती २०१२ च्या जुलै महिन्यातच. एकाच महिन्यात जन्मलेली ही दोन भावंडे आहेत, आणि ती एकत्र नांदली तरच उपयोगाची, हा माझ्या आजच्या सांगण्याचा गाभा आहे.

रोग होण्याआधी औषध ही कल्पना डिचोलीच्या किंवा पेडण्याच्या बागायतदाराला मी समजावून सांगावी असे नाही. पावसाच्या तोंडावर पोफळीवर बोर्डो मिश्रण फवारतात ते कोळेरोग दिसल्यावर नव्हे. तो दिसल्यावर फवारून काय उपयोग? पाऊस लांबला तर पुन्हा माणूस झाडावर चढतो. पाऊसच नसेल तेव्हा कोणी फवारीत नाही. या गोळीचेही तसेच आहे. धोक्याचा काळ असेल तोवर घ्यायची, तो संपला की डॉक्टरांना विचारून थांबवायची. दुसऱ्या पुरुषाशी ज्यांचे संबंध येतात अशा पुरुषांसाठी तर २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने प्रसंगापुरती घेण्याचीही पद्धत मान्य केली. संबंधापूर्वी २ ते २४ तास आधी दोन गोळ्या, पहिल्या मात्रेनंतर २४ तासांनी एक आणि ४८ तासांनी आणखी एक. ही पद्धत सर्वांना लागू नाही; ज्याला यकृताचा 'ब' प्रकारचा दाह आहे त्याच्यासाठी ती नाही. मूत्रपिंडाची तपासणीही डॉक्टर करून घेतात. नियमाने घेतली तर लैंगिक संबंधातून होणारा संसर्ग सुमारे ९९ टक्के टळतो. 'नियमाने' या शब्दावर मी मुद्दाम जोर देतो. २०१० साली जाहीर झालेल्या एका मोठ्या प्रयोगात सहा देशांतल्या सुमारे अडीच हजार व्यक्तींचा समावेश होता. त्यात एकंदर संसर्ग घटला तो ४४ टक्क्यांनीच. ज्यांच्या रक्तात औषध सापडले, त्यांना संरक्षण याहून पुष्कळ अधिक होते. बाकीच्यांनी गोळी घरी नेली होती, पोटात घेतली नव्हती. परीक्षेचे पुस्तक विकत घेऊन न वाचणारे विद्यार्थी आम्ही शिक्षकांनी आयुष्यभर पाहिले आहेत, त्यामुळे मला याचे नवल वाटले नाही.

मग चाचणी आणि गोळी एकत्र का हवीत? कारण साधे आहे, परंतु नीट ध्यानात घ्यावे असे आहे. संसर्ग टाळायला दोन औषधे पुरतात. झालेल्या संसर्गावर उपचार करायला सहसा तीन लागतात. ज्याच्या रक्तात विषाणू आधीच शिरला आहे आणि त्याला ते ठाऊक नाही, असा माणूस ही दोन औषधांची गोळी घेऊ लागला, तर विषाणू मरत नाही; तो त्या औषधांना दाद न देण्यास शिकतो. म्हणून गोळी सुरू करण्याआधी चाचणी आणि पुढे साधारण दर तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी. उलट, नुसती चाचणी हाती दिली आणि पुढे काही नाही, तर एक रेघ पाहून माणूस सुटकेचा निःश्वास टाकतो आणि शनिवारी पुन्हा त्याच वाटेने जातो. शिवाय ती एक रेघ कालपरवाच्या प्रसंगाची ग्वाही देत नाही. संसर्ग झाल्यापासून तीन महिन्यांपर्यंतचा काळ या चाचणीला दिसेनासा असू शकतो. प्रसंग नुकताच घडला असेल, तर ७२ तासांच्या आत रुग्णालयात जाऊन २८ दिवसांचे वेगळे औषध सुरू करावे लागते. हे ज्ञान गावोगाव पोहोचले, तर माझ्या या भाषणाची गरज उरणार नाही.

दर तीन महिन्यांनी दवाखान्यात जायचे, हीच पुरुषाची अडचण आहे. आफ्रिकेतल्या केनिया देशात यावर तोड काढून पाहिली गेली. गोळ्या तीनऐवजी सहा महिन्यांच्या द्यायच्या आणि मधली चाचणी माणसाने घरी स्वतः करायची. दवाखान्याच्या फेऱ्या निम्म्या झाल्या आणि गोळ्या चालू ठेवण्यात उणेपणा आला नाही. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही प्रेपच्या जोडीला स्व-चाचणी वापरण्यास पाठिंबा दिला. ही गोष्ट आपल्या तालुक्यांत का लागू पडावी, हे सांगण्यासाठी मला थोडे मागे जावे लागेल, आणि ते मागे जाणे गोव्याला भूषणावह नाही.

१९८९ सालच्या फेब्रुवारीची १४ तारीख. पर्रा गावचा डॉमनिक डिसोझा हा एकोणतीस-तीस वर्षांचा तरुण नियमित रक्तदान करीत असे. त्याच्या रक्तात एच.आय.व्ही. सापडला. काय झाले आहे, हे कोणी त्याला नीट सांगण्याआधी पोलिस आले. गोवा सार्वजनिक आरोग्य कायद्यात १९८७ साली झालेल्या दुरुस्तीने अशा माणसाला विलग ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला होता. त्याला म्हापशातल्या एका जुन्या क्षयरुग्णालयात कोंडण्यात आले. तेथे तो ६४ दिवस एकटा होता. त्याच्या आईने, लुसी डिसोझा यांनी, मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी येथील खंडपीठाकडे दाद मागितली. मुलगा घरी आला, परंतु त्या वर्षीच्या डिसेंबरात जो निकाल लागला त्यात न्यायालयाने कायदा वैध ठरविला. व्यक्तीच्या हक्काहून समाजाचे हित मोठे, असा त्याचा आशय होता. कायद्यातल्या सक्तीची धार मात्र बोथट करण्यात आली. डॉमनिकने १९९२ साली 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी करण्यात पुढाकार घेतला आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात तो गेला. २००५ साली या हकिकतीवरून स्फुरलेला 'माय ब्रदर... निखिल' हा चित्रपट आला, तो आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल.

न्यायालयाच्या निकालावर टीका करण्याची माझी पात्रता नाही. परंतु त्या ६४ दिवसांनी या प्रदेशाला काय शिकविले, ते मला सांगता येते. रक्त तपासणे म्हणजे पोलिसांना बोलावणे, हे शिकविले. ज्याने दुसऱ्याचा जीव वाचावा म्हणून रक्त दिले, त्यालाच कोंडले गेले. मग ज्याच्या मनात धाकधूक आहे, तो आपण होऊन तपासणीला कशाला येईल? समाजाचे हित साधायला निघालेल्या कायद्याने समाजाला जी माहिती हवी होती तिचाच झरा बुजविला. त्यानंतरही आपण धडा घेतला असे नाही. २००६ साली लग्नापूर्वीच्या सक्तीच्या चाचणीचा विचार याच गोव्यात जाहीरपणे मांडला गेला होता.

आज कायदा बदलला आहे, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे, कारण पुष्कळांच्या मनात अजून १९८९च चालू आहे. २०१७ साली संसदेने एच.आय.व्ही. आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा केला आणि तो १० सप्टेंबर २०१८ रोजी अमलात आला. माहितीपूर्ण संमतीवाचून चाचणी करता येत नाही. निकाल गुप्त ठेवावा लागतो. संसर्ग आहे म्हणून नोकरीवरून काढता येत नाही. त्याच्या चारच दिवस आधी, ६ सप्टेंबर २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या परस्परसंमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले होते. चार दिवसांच्या अंतराने घडलेल्या या दोन गोष्टी माझ्या मते एकच गोष्ट आहेत. डॉक्टरसमोर खरे बोलण्याचा कायदेशीर धोका संपला. उरला तो गावचा धोका.

आणि गावचा धोका लहान नसतो. पेडणे तालुक्यात हरमल, मांद्रे, मोरजीच्या किनाऱ्यावरच्या हॉटेलांत आपली मुले रात्रपाळी करतात. मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत चालू झाल्यापासून टॅक्सी आणि मालमोटारी वाढल्या. डिचोलीत खाणी होत्या तेव्हा ट्रकांची रांग सरत नसे. २०१२ साली खाणी थांबल्या, नंतर सुरू झाल्या, २०१८ साली पुन्हा थांबल्या, आणि त्या प्रत्येक वेळी कर्ते पुरुष कामासाठी घर सोडून कोठे कोठे गेले. हे पुरुष वाईट आहेत असे मी म्हणत नाही. ते घरापासून दूर आहेत, तरुण आहेत आणि एकटे आहेत, एवढेच म्हणतो. यांतल्या कोणाला तपासणी करून घ्यायची तर तो तालुक्याच्या केंद्रात जात नाही. तेथली परिचारिका त्याच्या आत्याची शेजारीण असते. तो म्हापशाला जातो, नाहीतर सीमा ओलांडून सावंतवाडीला, आणि बहुतेक वेळा कोठेच जात नाही. स्त्रियांची निदान गरोदरपणात तपासणी होते. पुरुषाच्या आयुष्यात असा कोणताच टप्पा नाही. त्यामुळे कित्येक घरांत नवऱ्याचा आजार आधी बायकोच्या रक्तातून कळतो, आणि मग दोष तिच्यावरच येतो. हा अन्याय वर्षानुवर्षे चालत आला आहे आणि त्याबद्दल आपण अवाक्षर काढीत नाही.

माझा एक जुना विद्यार्थी औषधांचे दुकान चालवितो. नाव-गाव सांगत नाही. त्याने एक निरीक्षण सांगितले, ते माझ्या व्यवसायाचे असल्यामुळे मनात रुतून बसले. तो म्हणाला, "सर, डोकेदुखीची गोळी मागणारा माणूस कोंकणीत मागतो, खोकल्याचे औषध मराठीत मागतो, पण या बाबतीतले काही हवे असले की तोच माणूस इंग्रजीत बोलू लागतो, आणि तेही दुसरे गिऱ्हाईक गेल्यावर." आपल्या भाषेत त्या माणसासाठी शब्द नाही असे नव्हे. शब्द आहेत, पण ते शिव्यांचे आहेत किंवा 'बाहेरख्याली'सारखे न्यायाधीशाचे आहेत. दशावतारात स्त्रीपार्टी नटाला आपण रात्रभर दाद देतो. पण पुरुषावर प्रेम करणाऱ्या पुरुषासाठी घरात उच्चारता येईल असा शब्द मी शिकविलेल्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हता. १९६८ साली सरकारने 'निरोध' हा योगशास्त्रातला भारदस्त शब्द उचलून एका साध्या वस्तूला दिला आणि काही वर्षांत तो खेडोपाडी उच्चारला गेला. असे पुन्हा होऊ शकते. 'जपणुकीची गोळी' म्हणा, 'घरची चाचणी' म्हणा. मोठ्याने म्हणता येईल असे काहीतरी म्हणा.

एक आक्षेप मला ठाऊक आहे, कारण तो आजच्या सभेआधीच माझ्यापर्यंत पोहोचला. अशा गोळीने तरुणांना मोकळे रान मिळेल, असे काही जणांना वाटते. लस टोचून घेतली म्हणून देवीच्या रोग्याला कोणी मुद्दाम मिठी मारायला गेले नाही. तरी आक्षेपात तथ्याचा एक अंश आहे आणि तो मी झाकून ठेवणार नाही. ही गोळी परमा, उपदंश वगैरे इतर रोगांना अडवीत नाही. त्यासाठी निरोधाची सोबत लागतेच. पण जो माणूस दर काही महिन्यांनी आपली चाचणी करतो, डॉक्टरांशी बोलतो आणि गोळीचा नेम पाळतो, त्याला बेजबाबदार कसे म्हणावे? मला तर त्याचा नेम एकादशीच्या उपवासाहून कडक वाटतो.

मला खरी भीती वाटते ती वेगळ्या गोष्टीची. 'स्व-चाचणी' या शब्दातला 'स्व' हरवला तर? उद्या एखाद्या हॉटेलमालकाने हंगामाच्या सुरुवातीला मुलांना ओळीने उभे करून काड्या वाटल्या, किंवा सोयरिकीच्या बैठकीत मुलाकडच्यांनी मुलीपुढे ती पेटी ठेवली, तर तेच १९८९ साल परत येईल, फक्त पोलिसांच्या गणवेशावाचून. पेटी ज्याची त्याच्या हाती हवी, आणि निकाल दाखवायचा की नाही, हेही त्याच्याच हाती हवे.

आणि दुसरी भीती एकटेपणाची. रात्री दार लावून, दिवा मंद करून एक माणूस वीस मिनिटे बसला आहे आणि दोन रेघा उमटल्या आहेत. त्या क्षणी त्याला तीन गोष्टी ठाऊक असल्या पाहिजेत. एक, हे अंतिम निदान नव्हे. सरकारी समुपदेशन व चाचणी केंद्रात पुन्हा विनामूल्य तपासणी होते. दुसरी, उपचार आहेत, आणि २००४ पासून ते देशभर सरकारकडून फुकट मिळू लागले आहेत. २००१ साली सिप्ला कंपनीने तीन औषधांचा वर्षाचा उपचार ३५० डॉलरला देऊ केला आणि जगभरची किंमत कोसळली. त्या कंपनीचा एक कारखाना आपल्या वेर्णे येथे आहे. तिसरी, उपचाराने रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका दबला, की लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला होत नाही. उपचारामुळे संसर्ग कसा थांबतो, हे २०११ साली ज्या प्रयोगाने दाखविले, त्यात पुण्यातली जोडपीही होती. १०९७ हा विनाशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे; तो पेटीवर छापलेला असावा, ठळक आणि मराठीत.

पुढचे पाऊलही पडले आहे. लेनाकापाव्हिर नावाचे इंजेक्शन सहा महिन्यांतून एकदा घ्यायचे असते. २०२४ साली जाहीर झालेल्या प्रयोगात ते घेणाऱ्या दोन हजारांहून अधिक स्त्रियांपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही. जुलै २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली. ते स्वस्तात बनविण्याचा परवाना ज्या कंपन्यांना मिळाला, त्यांत पुण्याची एक आहे. वर्षातून दोनदा म्हणजे एकदा चतुर्थीच्या सुमारास आणि एकदा शिमग्याच्या, असे आपण लक्षात ठेवू शकतो. पण तेथेही आधी चाचणी हवीच. ती जोडी सुटत नाही.

मी पुष्कळ वेळ घेतला. प्रश्नोत्तरांसाठी अर्धा तास राखून ठेवला आहे. माझ्या विनंतीवरून सभागृहातल्या डॉक्टरांनी वैद्यकीय प्रश्नांची उत्तरे देण्याचे मान्य केले आहे. दाराशी एक टोपली आणि कोऱ्या चिठ्ठ्या ठेवल्या आहेत. प्रश्न मराठीत लिहा, कोंकणीत लिहा, जसा सुचेल तसा लिहा. चिठ्ठीवर नाव घालू नका. आणि चिठ्ठी सर्वांनी टाकावी, प्रश्न नसेल त्याने कोरी टाकावी, म्हणजे कोणाची लिहिलेली होती हे कोणालाच कळणार नाही.